कुत्र्यांच्या ट्रेनरचं सर्टिफिकेट नक्की कशाची ग्वाही देतं?

रानजाई

धागा लांबणार आहे, आधीच सांगते. दोन वर्षं मनात घोळत असलेली गोष्ट आहे आणि इथे कुत्र्यांसोबत काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

माझी भुरी दत्तक घेतलेली. आली तेव्हा दीडेक वर्षाची असावी. घरात शहाणी, पण बाहेर पट्ट्यात असताना दुसरं कुत्रं दिसलं की आधी अंग ताठ, मग गुरगुर, मग थैमान. ज्या ट्रेनरकडे नेलं त्याच्या भिंतीवर पाच सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली होती. ती बघून मी निर्धास्त झाले. त्याने गळ्यात चोक चेन घातली, ओढली की आवळणारी साखळी. भुरी गुरगुरली की हिसका. तिसऱ्या आठवड्यात ती गप्प झाली. शेजारून कुत्रं गेलं तरी मान खाली घालून चालायची. भुरी सुधारली म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले.

दोन महिन्यांनी माझी भाची तिच्याजवळ वाकली आणि भुरीने तिचं मनगट धरलं. गुरगुर नाही, दात विचकणं नाही. दोन दातांच्या खुणा उमटल्या. मी समोर बसले होते आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. त्यानंतर पशुवैद्यांनी एका ताईंकडे पाठवलं. त्यांनी माझ्या मोबाइलमधले जुने व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवले. भुरी ओठ चाटत होती, मान वळवत होती, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसत होता. ताई म्हणाल्या, "गुरगुरणं हे तिचं 'लांब राहा' होतं. तसं म्हटलं की गळ्याला हिसका बसतो, एवढंच ती शिकली. भीती होती तिथेच आहे. बोलणं तेवढं बंद झालं."

पुढे त्या पाच कागदांबद्दल कळलं. तीन नुसत्या सेमिनारला हजर राहिल्याचे होते. एक ऑनलाइन व्हिडिओ पूर्ण बघितल्याचा. पाचवा तो जिथे शिकला आणि नंतर शिकवायलाही लागला त्याच शाळेचा. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. कागदावर काय लिहिलंय ते मी वाचलंच नव्हतं.

आता मुद्दा. गेली दोन वर्षं मी त्या ताईंच्या वर्गांना मदतनीस म्हणून जातेय आणि हेच काम पूर्णवेळ करायचं ठरवलंय. कोणाच्या तरी दारात मीही एक दिवस कागद घेऊन उभी राहणार. तो कागद कसा असावा? आणि समोरच्या घरच्या माणसाने तो कसा वाचावा?


चांदणचुरा

रानजाई, भाचीचा हात बरा आहे ना आता? आणि हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. अकरा वर्षं हे काम करतोय. यातला बराच गोंधळ शब्दांचा आहे, म्हणून आधी तो सोडवू.

ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला आणि लायसन्स यात फरक असतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. स्कूल म्हणतं, 'याने आमच्याकडे शिकून घेतलं.' लायसन्स देणारा वेगळा असतो. तुम्ही कुठे शिकलात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, गाडी चालवता येते का ते तो बघतो. तुमच्या ट्रेनरच्या भिंतीवर पाचही कागद पहिल्या जातीचे होते.

कुत्र्यांच्या बाबतीत दुसऱ्या जातीचा कागद बऱ्याच देशांत सरकार देतच नाही. अमेरिकेतसुद्धा ट्रेनर म्हणून पाटी लावायला परवाना लागत नाही. म्हणून व्यवसायातल्याच लोकांनी परीक्षा उभ्या केल्या. इयन डनबार यांनी १९९३ मध्ये ट्रेनर लोकांची संघटना काढली, एपीडीटी. तिच्यातूनच २००१ मध्ये सर्टिफिकेशन कौन्सिल फॉर प्रोफेशनल डॉग ट्रेनर्स, म्हणजे सीसीपीडीटी, ही वेगळी संस्था निघाली. वेगळी हा शब्द महत्त्वाचा. ती शिकवत नाही, परीक्षा घेते.

त्यांच्या सीपीडीटी-केए परीक्षेला बसायचं तर मागच्या ३ वर्षांत किमान ३०० तास शिकवलेलं असावं लागतं, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या सर्टिफाइड ट्रेनरची किंवा पशुवैद्याची सही लागते. पेपर १८० बहुपर्यायी प्रश्नांचा. प्राणी कसा शिकतो, कुत्र्याची देहबोली, आरोग्याची प्राथमिक माहिती, साधनं, आणि माणसांना कसं शिकवायचं. पास झालात तरी ३ वर्षांनी कागदाची मुदत संपते. मधल्या काळात ३६ गुणांचं पुढचं शिक्षण दाखवा किंवा पुन्हा पेपर द्या. कोणाचं सर्टिफिकेशन चालू आहे ते त्यांच्या संकेतस्थळावर कोणीही तपासू शकतं.

तर घरच्या माणसाने काय वाचायचं? सही कोणाची आहे आणि तारीख काय आहे. शिकवणारा आणि पास करणारा एकच असेल तर तो शाळेचा दाखला. शाळा उत्तम असेलही. जीन डोनाल्डसन यांची अकॅडमी फॉर डॉग ट्रेनर्स १९९९ पासून आहे, कॅरन प्रायर अकॅडमी २००७ पासून. दोन्हीकडे घाम काढतात, आणि तिथून बाहेर पडलेल्या लोकांच्या हातात मी माझा कुत्रा डोळे झाकून देईन. तरी जात शाळेच्या दाखल्याचीच.


मुसाफिर_४

ड्रायव्हिंग स्कूलचं उदाहरण चपखल. वाचतोय.


आडवाट

चांदणचुरा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही.

मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी आयुष्यभर शोधकार्यातले कुत्रे तयार केले. ढिगाऱ्याखालचा माणूस हुंगून काढणारे कुत्रे. त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. कुत्रा खोलीत शिरला की त्याच्या चालीवरून ते सांगायचे, याचं मागचं डावं पाऊल दुखतंय. १८० प्रश्नांत चार पर्यायांतून एकावर खूण करणारा मनुष्य उद्या त्यांच्यापेक्षा वरचढ ठरणार? पुस्तक पाठ करून कुणीही पास होईल. पट्टा हातात धरल्यावर तो ढिला कसा ठेवायचा हे बहुपर्यायी प्रश्नातून कसं कळणार?

सर्टिफिकेटांमुळे असे हाडाचे लोक बाजूला पडतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.


चांदणचुरा

आडवाट, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्या कागदाच्या नावातच 'केए' आहे, म्हणजे ज्ञान तपासलं. हात तपासला असा त्याचा दावाच नाही. हातासाठी सीपीडीटी-केएसए ही पुढची पायरी आहे. त्यात ठरवून दिलेली कामं करताना स्वतःचं चित्रण पाठवायचं असतं आणि परीक्षक ते बघून गुण देतात. मी ती दिली. पहिल्यांदा स्वतःचं चित्रण बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'बस' म्हणायच्या आधी मी दर वेळी किंचित पुढे झुकतो. कुत्रा माझ्या खांद्याकडे बघून बसत होता. शब्द त्याच्या दृष्टीने नंतरची गोष्ट होती. इतकी वर्षं मला कोणी हे सांगितलं नव्हतं, कारण मला बघणारं कोणी नव्हतं.

तुमच्या गुरुजींबद्दल. तुम्ही त्यांना वर्षानुवर्षं काम करताना पाहिलंत. तुमचा विश्वास त्या बघण्यातून आला. रानजाईंकडे एक तास होता आणि एक भिंत. त्यांनी कशावरून ओळखायचं? तुमच्या गुरुजींसारखा मनुष्य आणि चोक चेनवाला मनुष्य, दोघंही 'माझा अनुभव' हेच म्हणणार.


आडवाट

हे खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.


पिंपळपान

हाताचा विषय निघालाय तर मी कोंबड्यांबद्दल लिहिते. अवांतर वाटेल, पण नाहीये.

केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे दोघं मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी. १९४० च्या दशकात त्यांनी प्रयोगशाळेतलं शास्त्र बाहेर आणून प्राणी शिकवण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे मॅरियन आणि बॉब बेली ट्रेनर लोकांसाठी शिबिरं घ्यायचे आणि त्यात शिकवायला कुत्रे नसायचे, कोंबड्या असायच्या. त्याच पद्धतीच्या एका शिबिराला मी गेले होते.

टेबलावर कोंबडी, समोर रंगीत चकती. डाव्या हातात क्लिकर, म्हणजे दाबलं की 'क्लिक' असा आवाज करणारी डबी, उजव्या हातात दाण्यांची वाटी. कोंबडीने चकतीला चोच मारली की क्लिक, मग दाणे. ऐकायला सोपं. पण कोंबडीची मान खाली जाऊन वर येते तो वेळ डोळ्याचं पातं लवण्याइतका. मी क्लिक करेपर्यंत मान वर आलेली असायची, म्हणजे मी मान वर करण्याचं बक्षीस देत होते. दहा मिनिटांत माझी कोंबडी ताठ मानेने उभी राहायला शिकली! कुत्रा असता तर त्याने माझ्या तोंडाकडे बघून, अंदाज बांधून, मला सांभाळून घेतलं असतं. कोंबडी सांभाळून घेत नाही. तुम्ही जे शिकवलंत तेच ती करून दाखवते.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाई माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि वाटी धरलेल्या हाताचं मनगट त्यांनी नुसतं दोन बोटांनी दाबून धरलं. क्लिकच्या आधी हात हलतोय हे तेव्हा मला कळलं. त्या दोन बोटांचं सर्टिफिकेट मिळत नाही. पण ज्या कागदामागे असं कुणीतरी मागे उभं राहिलेलं असतं आणि ज्यामागे नसतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हो, आडवाट, पुस्तक पाठ करून पास होता येत नाही. मी पहिल्या वेळी नापास झाले. प्राणी कसे शिकतात ते मला तोंडपाठ होतं. माणसांना शिकवण्याच्या प्रश्नांत माझी दांडी उडाली. घरी सराव न करून येणाऱ्या कुटुंबाशी काय बोलायचं, दहा जणांच्या वर्गात एक कुत्रा सारखा भुंकतोय तर बाकी नऊ जणांचं काय करायचं, यावर मी कधी विचारच केला नव्हता. खरं तर आपलं निम्म्याहून जास्त काम तेच असतं. कुत्रा आठवड्यातून एक तास आपल्याकडे असतो, उरलेला सगळा वेळ घरच्यांकडे.


कवडसा

मी पशुवैद्य आहे. रानजाई, तुमच्या पहिल्या प्रतिसादातलं 'पशुवैद्यांनी ताईंकडे पाठवलं' हे वाचून बरं वाटलं. ट्रेनरने डॉक्टरांकडे पाठवलं, असा उलटा प्रवास मात्र फार कमी वेळा होतो.

माझ्याकडे एक कुत्रा आला होता, 'चिडका' म्हणून. डोक्यावर हात ठेवला की तोंड टाकायचा. एका ट्रेनरकडे दोन महिने 'शिस्त' लावून झाली होती. मी कानात बघितलं, आतपर्यंत लाल, घट्ट तपकिरी मळ, वास. दोन महिने तो दुखऱ्या कानावरचा हात सहन करत होता आणि सहन झालं नाही की शिक्षा खात होता. औषधाने कान बरा झाला. हाताची धास्ती जायला मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ लागला.

म्हणून माझ्या दृष्टीने ट्रेनरची पहिली परीक्षा ही, की वागणं अचानक बदललं असेल तर तो 'आधी डॉक्टरांना दाखवून या' म्हणतो का. आपली हद्द कुठे संपते हे ज्याला शिकवलेलं असतं तो म्हणतो. 'बिहेवियरिस्ट' हा शब्द तर बहुतेक ठिकाणी कोणीही वापरू शकतं. त्यामागे काय आहे ते विचारावंच लागतं. अमेरिकेत पशुवैद्यक झाल्यावर वर्तन याच विषयातलं निवासी प्रशिक्षण आणि बोर्डाची परीक्षा देऊन झालेले तज्ज्ञ असतात, ती शाखा १९९३ पासून मान्यताप्राप्त आहे. ते मुळात पशुवैद्य असल्यामुळे औषधंही लिहू शकतात. अ‍ॅनिमल बिहेवियर सोसायटीचे प्रमाणित वर्तनतज्ज्ञ वेगळे, त्यांना संशोधनातली पदवी लागते. आयएएबीसी ही २००४ ची संघटना वर्तन-सल्लागारांना प्रमाणित करते. तिथे नुसता पेपर देऊन भागत नाही, स्वतः हाताळलेल्या केसेस सविस्तर लिहून द्याव्या लागतात, काय केलं, का केलं, काय फसलं. मला ही पद्धत फार आवडते. केस लिहायला बसलं की माणसाची विचार करण्याची रीत लपत नाही.

हिसक्यांबद्दलही लिहितो, कारण 'परिणाम दिसला ना?' हा प्रश्न मला रोज विचारला जातो. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. सात प्रशिक्षण शाळांमधले ९२ कुत्रे. बक्षिसावर शिकवणाऱ्या शाळा आणि शिक्षा वापरणाऱ्या शाळा अशी तुलना. शिक्षेच्या शाळांमधल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त, वर्गानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं. पण मला लक्षात राहिला तो वाटीचा प्रयोग. एका जागी ठेवलेल्या वाटीत नेहमी खाऊ, दुसऱ्या जागी नेहमी रिकामी, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग वाटी मधे ठेवली. ज्या कुत्र्यांनी सगळ्यात जास्त शिक्षा सोसली होती ते त्या मधल्या वाटीकडे हळू गेले. प्रशिक्षणाचं मैदान नव्हतं, साखळी नव्हती, तरी वाटीत काही चांगलं असेल अशी त्यांची अपेक्षाच कमी झाली होती. अमेरिकेतल्या वर्तनविषयक पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं की सर्व कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्रेही त्यात आले, बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात.


रानजाई

कवडसा, त्या मधल्या वाटीबद्दल वाचून मी थोडा वेळ उठून गेले. भुरी त्या दिवसांत माझ्या हाकेलाही अशीच यायची, थांबत थांबत. मला ती शिस्त वाटली होती.

भाची बरी आहे, आणि भुरीशी तिची पुन्हा मैत्री झाली आहे. आता ती वाकत नाही. बाजूला बसते आणि भुरीला येऊ देते.

एक प्रश्न राहतोच. समजा त्या ट्रेनरकडे परीक्षेचा खरा कागद असता. तरी त्याने चोक चेन घातली असती का?


चांदणचुरा

घातली असती, असं होऊ शकतं. याचं सरळ उत्तर द्यायला हवं.

या क्षेत्रात लिमा म्हणून एक तत्त्व आहे. स्टीव्हन लिंडसे यांच्या लिखाणातून आलेलं. कमीत कमी ढवळाढवळ, कमीत कमी त्रास. आधी आरोग्य बघा, मग भोवतालची परिस्थिती बदला, मग बक्षिसाने शिकवा, आणि त्रासदायक उपाय अगदी शेवटी. बऱ्याच संघटनांनी आपली आचारसंहिता यावर बांधली. यावर आक्षेप असा की 'शेवटी' म्हटलं तरी दार किलकिलं राहतं, आणि घाईतल्या माणसाचा तो शेवट फार लवकर येतो. म्हणून २०१२ मध्ये पेट प्रोफेशनल गिल्ड निघालं. त्यांनी बळाचा वापर, धाक, शॉक हे सगळं नियमातूनच बाहेर ठेवलं. मी स्वतः आता त्या बाजूचा आहे. काही वर्षांपूर्वी नव्हतो. माझ्याही हातात चोक चेन होती आणि त्या कुत्र्यांची नावं मला अजून आठवतात.

त्यामुळे कागद बघून झाल्यावर दोन गोष्टी विचाराच. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय कराल, आणि चुकलं तर काय कराल? दुसऱ्याचं उत्तर देताना माणूस 'करेक्शन', 'बॅलन्स', 'त्याला कळायला हवं बॉस कोण' असे शब्द वापरायला लागला, तर तिथेच विचारा, म्हणजे हाताने नक्की काय करणार, दाखवा. तसंच त्याच्या संस्थेत तक्रार करायची सोय आहे का आणि तक्रार खरी निघाली तर कागद काढून घेतात का, हेही बघा. जो कागद कधीच जाऊ शकत नाही, त्याची धास्ती कोणाला असणार?

'बॉस कोण'वरून आठवलं. लांडग्यांच्या कळपात एक मुख्य लांडगा, 'अल्फा', मारामारी करून वर येतो हे चित्र पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून आलं होतं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी स्वतः ते आधी लोकप्रिय केलं आणि १९९९ मध्ये रानातल्या लांडग्यांवरून दुरुस्तही केलं. कळप म्हणजे आई-बाप आणि पिल्लं. कोणी अजूनही अल्फाच्या गोष्टी सांगत असेल तर त्याचं शिक्षण कधी थांबलं ते कळतं.


धुकंधुकं

सरकारने काहीच केलेलं नाही असं मात्र नाही. जर्मनीत १ ऑगस्ट २०१४ पासून पैसे घेऊन कुत्र्यांना किंवा त्यांच्या मालकांना शिकवायचं तर प्राणिसंरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी लागते आणि त्यासाठी आपलं ज्ञान सिद्ध करावं लागतं. परवानगी स्थानिक पशुवैद्यकीय कार्यालय देतं. अडचण तिथेच झाली, सुरुवातीला एका कार्यालयात एक निकष, शेजारच्या कार्यालयात दुसरा. ऑस्ट्रियात 'प्राणिकल्याणाच्या दृष्टीने पात्र ट्रेनर' अशी सरकारमान्य परीक्षा आहे. वेल्समध्ये २०१० मध्ये शॉक कॉलरवरच (विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर) बंदी आली, म्हणजे ट्रेनरला हात लावला नाही, साधनाला लावला.

ब्रिटनमध्ये वेगळी वाट काढली. तिथे कायद्याने सक्ती नाही, पण अ‍ॅनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिल २०१० पासून आहे. ती ट्रेनर, वर्तनतज्ज्ञ अशा भूमिकांसाठी मोजमाप ठरवते, निरनिराळ्या संघटना त्या मापाने आपल्या लोकांना तपासतात, आणि पात्र ठरलेल्यांची नावं एका नोंदवहीत येतात. अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात ते साधारण असं: परीक्षा घेणाऱ्याचीही कुणीतरी परीक्षा घेतं.

माणसांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ/आयईसी १७०२४. ते कुत्र्यांपुरतं नाही, कोणत्याही व्यवसायाला लागू. त्याचा गाभा निःपक्षपातीपणाचा आहे. आमच्याच वर्गाला बसलात तरच आमची परीक्षा, असं प्रमाणन करणाऱ्या संस्थेने म्हणायचं नाही.


मुसाफिर_४

माझा एक प्रश्न. ओळखीतले एक जण म्हणतात की ते 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त गाइड डॉग ट्रेनर' आहेत. असं असतं का?


धुकंधुकं

इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशन (१९८९) आणि असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल या दोन्ही संस्था अ‍ॅक्रेडिटेशन देतात ते संस्थांना, म्हणजे कुत्रे तयार करून देणाऱ्या केंद्रांना. तपासनीस येऊन कुत्र्यांची निवड, निगा, शिकवणं, दिल्यानंतरचा पाठपुरावा हे सगळं बघतात, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा बघतात. तुमचे ओळखीचे अशा केंद्रात काम करत असतील तर ती मोठी गोष्ट आहे, त्यांना केंद्राचं नाव विचारा, यादीत सापडेल. एकट्या माणसाच्या नावावर ती मान्यता नसते.


आडवाट

परत आलो. दोन दिवस विचार केला.

माझ्या गुरुजींना कागद नव्हता, पण त्यांना बघणारे खूप होते. शोधकार्याचा कुत्रा दर काही महिन्यांनी चाचणीला उभा राहायचा, तिऱ्हाईत परीक्षक यायचे, माणूस कुठे लपवलाय ते गुरुजींनाही माहीत नसायचं. कुत्र्याने नाही शोधलं तर नापास, गुरुजी कितीही मोठे असोत. हे मी विसरलो होतो. म्हणजे परीक्षा होतीच, फक्त तिचा कागद कुत्र्याच्या नावाने निघायचा.

घरच्या कुत्र्याच्या ट्रेनरला अशी चाचणी नसते. तो चुकला तर भुरी चुकते, आणि दोष भुरीला लागतो. रानजाई, तुम्ही परीक्षा द्या. चित्रणाचीही द्या. माझ्या पहिल्या प्रतिसादातला राग मागे घेतो.


रानजाई

आडवाट, तुमचा प्रतिसाद मी ताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "यांना कधीतरी वर्ग बघायला बोलव."

मी वही घातली आहे. तारीख, कुत्रा, काय शिकवलं, किती वेळ, आणि शेवटच्या रकान्यात 'काय चुकलं'. मागच्या दोन वर्षांचा हिशेब घेऊन ताईंकडे सहीला गेले तर त्यांनी पेन्सिलीने जवळजवळ सगळं खोडलं. "इथे तू पट्टा धरून उभी होतीस. इथे तू बघत होतीस. शिकवलंस कुठे?" उरले ४१ तास. आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. ३०० ला त्या सही करतील तेव्हा ती खरी असेल.

काल पहिल्यांदा मोबाइल स्टँडवर लावून स्वतःचं चित्रण केलं. भुरीला चटईवर जाऊन पडायला शिकवत होते. बघितलं आणि चांदणचुरा, पिंपळपान, तुम्ही दोघं आठवलात. माझा हात क्लिकच्या आधी खाऊच्या पिशवीत जातोय. दर वेळी. भुरी चटईकडे बघतच नाही, पिशवीकडे बघते. पिंपळपान, तुमची ही सवय कशाने मोडली?


पिंपळपान

कुत्र्याशिवाय सराव करून. आधी पिशवी कमरेवरून काढा, खाऊ मागे टेबलावर ठेवा. मोकळा हात पोटाशी धरून ठेवायचा, त्याची एक ठरलेली जागा हवी. मग घरातल्या कोणाला तरी चेंडू टाकायला सांगा. चेंडू जमिनीला लागला की क्लिक. टाकणाऱ्याने मधेच चेंडू हातातच धरून ठेवायचा, तेव्हा क्लिक झालं तर तुम्ही अंदाजाने दाबताय. वीस वेळा बरोबर आलं की पुढची पायरी: क्लिक, मनात 'एक' म्हणायचं, मगच हात हलवायचा आणि एक दाणा वाटीत टाकायचा. भाचीला चेंडू टाकायला बसवा, मुलं अजिबात दयामाया दाखवत नाहीत. आणि याचंही चित्रण करा.


रानजाई

भाची लगेच तयार झाली. भुरीला आज सुट्टी, ती दारात पडून आमच्याकडे बघतेय. पहिल्या वीसमध्ये सात बरोबर आले.